कागदात नसलेला पूल

गुलाबभाई, आज शनिवार. काष्टीचा बाजार भरला असेल. गुरांच्या हौदात आज पाणी कोणी सोडलं, हौद कोणी घासला, मला माहीत नाही. ग्रामपंचायतीत फोन करून विचारावं असं सकाळपासून चारदा मनात आलं, पण कुठल्या तोंडानं विचारू? तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. आठ दिवस मी ऑफिसला जाते, सह्या करते, डबा खाते. कोणी म्हणालं, "मॅडम, तुमच्या त्या काष्टीच्या म्हाताऱ्याचं फार वाईट झालं," की मी म्हणते, "हो ना." काय बाई मी तरी! "हो ना" म्हणते आणि पुढची फाईल उघडते.

जे मी कोणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "म्याडम, आधी बसा तर, च्या घ्या, मग भांडा." आज चहाही नको आणि भांडायला तुम्हीही नाही.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुमचे पुढचे दोन दात नव्हते आणि माझ्याकडं तुमची फाईल होती. फाईलमध्ये लिहिलं होतं, आरोपीने हातोडीने दुखापत केली. बाकीचं तुम्ही सांगितलंत. खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, ठोकायला म्हणून तुम्ही आणि तुमचं गिऱ्हाईक कोंडिबा, दोघांनी त्याचाच बैल बाजारात आडवा पाडला होता. तुम्ही खूर तासत होतात, दोरी कोंडिबाच्या हातात होती. त्याचा मोबाईल वाजला, तो खिशात हात घालायला गेला, दोरी सैल झाली आणि बैलाचा पाय तुमच्या तोंडावर बसला. तोंडातून रक्त गळत असताना तुम्ही उठलात आणि हातातली हातोडी कोंडिबाच्या मनगटावर घातलीत. "एकदाच मारली, म्याडम," तुम्ही म्हणालात. "पन जी मारली ती नीट बगून मारली. खोटं कशाला बोलू?"

परिवीक्षा अधिकारी म्हणून माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. सगळे म्हणतात, हात चुकून लागला, धक्का बसला, दारू प्यालेलो होतो. तुम्ही म्हणालात, नीट बघून मारली. तिथंच मी मनात ठरवलं की या माणसाला आत जाऊ द्यायचं नाही.

कोंडिबाला ते पटणं शक्यच नव्हतं. त्याचं मनगट वाकडं जुळलं, त्या हातानं त्याला आजही गाईची धार काढता येत नाही. मी त्याच्या घरी गेले तर त्यानं बसायला सुद्धा सांगितलं नाही. "त्याला तुमी घरी सोडनार. मंग माझा हात? माझा हात कोन घरी आननार?" मी त्याला एवढंच म्हटलं, की गुलाबभाई तुरुंगात बसला तर तुझा हात सरळ होणार आहे का? इथं राहिला तर निदान तुझ्या डोळ्यासमोर राबेल. कोंडिबा अंगणातल्या बैलांकडं बघत म्हणाला, "मंग माझ्या बैलांना पत्र्या त्यानंच मारायच्या. दुसऱ्याचा हात लागू देनार न्हाई मी." हे रागानं म्हणाला की कशानं, मला तेव्हा कळलं नाही.

मी अहवाल लिहिला. पहिला गुन्हा, वय साठ, हातात कसब, गुन्हा लपवत नाही, गावात राहू द्यावं. कोर्टानं तो मानला. दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, महिन्यातून दोनदा माझ्याकडं हजेरी, आणि दर शनिवारी बाजार भरायच्या आत गुरांचा हौद घासून भरायचा. तुरुंगाऐवजी एवढंच. मी खूश होते हो! नगरला परत येताना एसटीत एकटीच हसत होते.

मग तो दिवस, ज्या दिवशी मी तुम्हाला कागद समजावून सांगायला ग्रामपंचायतीत आले. मी सगळं वाचून दाखवलं. कोर्टाची भाषा ती, एक वाक्य सुरू झालं की पानाच्या खालीच उतरतं. तुम्ही मान हलवत होतात. मी म्हटलं, "काय समजलं?" तुम्ही म्हणालात, "कायबी न्हाई." आणि मग म्हणालात ते आठ दिवस माझ्या कानात आहे. "म्याडम, जेलाला भिंत असती. मानसाला दिसती. हितवर यायचं, पुढं न्हाई. तुमची भिंत मला दिसंना. कुटं डोकं आपटंल, काय सांगावं?"

खरं तर त्या कागदात होतं ते एवढंच, की कोर्टाच्या परवानगीशिवाय राहण्याचं ठिकाण बदलायचं नाही. म्हणजे बिऱ्हाड हलवायचं नाही. पाहुण्यांकडं जाऊ नका, दवाखान्यात जाऊ नका, असं त्यात एका अक्षरानं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आदल्याच वर्षी माझ्या देखरेखीखालचा एक माणूस पूल ओलांडून दौंडला गेला, रेल्वेत बसला आणि गेला तो गेलाच. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, वरून चार शब्द ऐकवले. ती आग डोक्यात होती. शिवाय मी पारनेरची, आमच्याकडं बोलणं मोजकं आणि कोरडं. सोप्या भाषेत सांगायची मला भारी हौस. ऑफिसात नव्या मुलींना मी हेच शिकवते, कागद वाचू नका, सोपं करून सांगा.

मी सोपं केलं. "गुलाबभाई, तुमची भिंत म्हणजे भीमेवरचा पूल. अलीकडं मोकळे, पलीकडं नाही. पूल ओलांडायचा नाही. बस."

तुमचा चेहरा असा उजळला! "हां, आत्ता कसं!" म्हणालात. जाताना मला हात जोडलेत.

पुढचं वर्षभर आपण भांडलोच. तुमचं म्हणणं एकच, की तुरुंग बरा. "जेलात मानूस एकदा जातो, म्याडम. मी दर शनवारी जातो. हौद घासताना सगळा बाजार बगतो." मी म्हणायची, घरी झोपता ना? आपल्या हातची भाकरी खाता ना? तुम्ही म्हणायचात, "खातो. पन तुमी डोक्यातनं जाता का? भाकरी खाताना बी वाटतं, हे चालंल का, ते चालंल का." मी चिडायची. मी सांगायची की मी तुरुंग आतून बघितलाय, साठीच्या माणसाचं तिथं काय होतं ते बघितलंय. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "आसंल. तुमी शिकलेल्या." एवढ्यावर विषय थांबायचा आणि पंधरा दिवसांनी तिथूनच परत सुरू व्हायचा.

एकदा बाजारात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार त्या दिवशी आला नव्हता. तुम्ही माझ्या पायातली चप्पल मागून घेतलीत, पिशवीतून बैलाच्या पत्रीचा खिळा काढला, टोक वाकवलं आणि दोन ठोक्यांत अंगठा बसवलात. "आता बैल झिजंल, चप्पल झिजायची न्हाई." ऑफिसच्या फरशीवर तो खिळा टकटक वाजतो. शिपाई म्हणतो, मॅडम आल्या की आधी नाल ऐकू येते. आठ दिवस मी तीच चप्पल घालते आहे आणि जपून पाय टाकते आहे, वाजू नये म्हणून.

आणि तुमचा तो कोंडिबा! काय वैताग दिलाय त्यानं मला. दर शनिवारी फोन. "म्याडम, तुमचा कैदी आज उशिरा आला." "म्याडम, हौदाचा एक कोपरा त्यानं घासलाच न्हाई." एकदा तर म्हणाला, "म्याडम, तुमचा कैदी आज हसत हुता." मी म्हटलं, कोंडिबा, हसायला बंदी आहे असं कागदात नाही. तो म्हणाला, "मग लिवा की!" पण मी बाजारात यायची तेव्हा बघायची ना. वाकडा हात मांडीवर ठेवून तो तुमच्याजवळच बसलेला असायचा. सुरुवातीला पाठमोरा, नंतर आडवा, आणि पावसाळा संपेस्तोवर तुम्हा दोघांत एक चहा, कपात आणि बशीत. तुम्ही त्याच्या बैलांचे खूर इतके मन लावून तासायचात की दुसरी गिऱ्हाइकं तिष्ठत बसायची. माफी तुम्ही त्याला तोंडानं कधी मागितली नाही. मी विचारलं तर म्हणालात, "तोंडानं मागून काय उपेग? त्याला धार काडता येत न्हाई, ती माझ्या तोंडानं निघनार हाय का?"

मग ईद आली. तुम्ही मला न विचारता शबानाकडं दौंडला गेलात. पोरीच्या हातचा शीरखुर्मा खायला गेलात, संध्याकाळी परत आलात. कोंडिबानं मला कळवलं. आणि मी, गुलाबभाई, मी मुद्दाम नगरहून आले, ते तुम्हाला भर बाजारात झाडायला. कागदाप्रमाणं तुम्ही काहीही चुकला नव्हतात. हे मला ठाऊक होतं. पण मी सांगितलेलं तुम्ही मोडलंत याचा मला संताप आला. कोर्टाचं नव्हे, माझं. मी म्हटलं, "पुन्हा पूल ओलांडलात तर मी स्वतः तुम्हाला आत पाठवीन. कोणाची गय करणार नाही." सगळा बाजार ऐकत होता. तुमच्या हातात खूर होता, तो तुम्ही हळूच खाली ठेवलात. "चुकलं, म्याडम. जबान देतो. आता तुमी सांगितल्याबिगर पुलावर पाय पडनार न्हाई."

आणि खरंच पडला नाही. शबानाला मुलगी झाली तेव्हा तुम्ही गेला नाहीत. मला विचारायचंही तुम्हाला सुचलं नाही, की भीती वाटली? विचारलं असतंत तर मी जा म्हटलं असतं. असं मी आता म्हणते. सव्वा महिन्यानं शबाना बाळाला घेऊन काष्टीला यायला निघाली, तेव्हा तुम्ही पुलाच्या अलीकडच्या टोकाला येऊन उभे राहिलात. मी नेमकी त्याच वाटेनं दौंडला चालले होते, एसटीच्या खिडकीतून मी तुम्हाला पाहिलं. डोक्याला पांढरा रुमाल, हातात बाळाचं झबलं, पुलाचा कठडा जिथं सुरू होतो त्याच्या बरोबर दोन पावलं अलीकडं. पोर समोरून पुलावरनं येताना दिसत असेल, तरी तुम्ही दोन पावलं पुढं टाकली नाहीत. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, बघा, याला म्हणतात शिस्त, भिंत नसताना माणूस थांबतो. सगळे वा वा म्हणाले. आग लागो माझ्या जिभेला.

गेल्या शनिवारी सकाळी मी घरी गहू निवडत होते. फोन वाजला. 'कोंडिबा काष्टी.' मी म्हटलं, झालं सुरू याचं रडगाणं, शनिवार उजाडला की यायचंच. फोन पालथा घातला. पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. तीनदा. मी गहू निवडत बसले. दुपारी चौथा फोन अनोळखी नंबरवरून आला म्हणून उचलला, तर टेम्पोवाला होता. "म्याडम, गुलाबभाई गेलं."

मधलं सगळं मला सोमवारी कळलं, तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आले तेव्हा. अंगणात कोंडिबा बसला होता, वाकड्या हातानं टोपी चुरगळत. मला बघून उठला नाही. बसूनच बोलायला लागला, माझ्याकडं न बघता.

"हौद भरता भरता छाती धरून खाली बसला. घाम घाम. आमी त्याला टेम्पोत घातला. टेम्पोवाला म्हनला दौंडला घेतो, तितं हार्टचा मोटा दवाखाना हाय, वीस मिन्टात पोचतो. तर ह्यो माझा हात धरून बसला. पुलाकडं घेऊ नका म्हनला. म्याडमला जबान दिलीया. त्यांना फोन लाव, त्या हो म्हनल्या तर जाऊ. मी लावला. तुमी उचलला न्हाई. परत लावला. टेम्पो फाट्यावर चालू करून हुबा. मी म्हनलं, आरं मरशील! तर म्हनतो, तिसऱ्यांदा लाव." मग कोंडिबानं टोपीत तोंड घातलं. "तिसऱ्यांदा बी उचलला न्हाई, तवा मी म्हनलं, मर मंग. आसं म्हनलो मी त्याला, म्याडम. रागानं म्हनलो. अन् टेम्पो श्रीगोंद्याला वळवला."

तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडून होतं ते सगळं केलं आणि नगरला न्यायला सांगितलं. तुम्ही नगरच्या रस्त्यावर गेलात, अर्ध्या वाटेत, कोंडिबाच्या मांडीवर डोकं ठेवून. दौंडला नेलं असतं तर वाचला असतात का? मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित हो, कदाचित नाही. त्यांनी माझं समाधान करायला म्हटलं असेल. मला त्या 'कदाचित हो'शिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही.

कोंडिबाला वाटतं, 'मर' हा आपला शब्द तुम्हाला लागला. त्याला मी काय सांगू, की तुझा शब्द नव्हता तो, बाबा. माझा होता, आणि दीड वर्ष आधी बोललेला होता.

जियारत झाल्यावर शबाना माझ्यासाठी पाणी घेऊन आली. कडेवर तुमची नात. ती पोर माझ्यावर ओरडली असती, माझ्या अंगावर धावून आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्याडम, तुमच्यामुळं अब्बा जेलात गेले न्हाईत. त्यांच्या घरात, त्यांच्या गावात राहिले. तुमचे लई उपकार हायेत." मग नातीचं डोकं पुसत, खाली बघत म्हणाली, "फक्त येक विचारते. ते पुलाचं... ते कागदात लिवलेलंच हुतं ना? म्हंजे कायदाच तसा हुता ना?"

कायदा म्हटला की माणूस गप्प बसतो. पाऊस आला, पूर आला, तसा कायदा आला. तिला तेवढंच हवं होतं, की यात कोणाचा दोष नव्हता.

मी म्हटलं, "हो. कागदात होतं."

गुलाबभाई, तुम्ही रक्तानं माखलेल्या तोंडानं हातोडी मारलीत आणि नंतर म्हणालात, नीट बगून मारली, खोटं कशाला बोलू. मी पाण्याचा ग्लास हातात धरून, तुमच्या अंगणात, तुमच्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलले. वर तिनं दिलेलं पाणीही प्याले.

कोणी म्हणेल, यापेक्षा तुरुंगच बरा होता. तुम्हीही तेच म्हणायचात. आपलं भांडण अर्धं राहिलं, पण मी अजूनही माझ्याच बाजूला आहे, रागवायचं तर रागवा. कोंडिबानं तुम्हाला मांडीवर घेतलं, हे तुरुंगात झालं नसतं. तो वाकडा हात तुमच्या छातीवर होता शेवटपर्यंत, टेम्पोवाल्यानंच सांगितलं मला. मी चुकले ते तुम्हाला बाहेर ठेवण्यात नाही. बाहेर ठेवलं आणि मग माझ्या सोयीसाठी, माझ्या नोकरीच्या भीतीपायी एक भिंत स्वतः बांधली, तिथं चुकले. तुम्ही मला विचारलं होतंत भिंत कुठं आहे. मी सांगायला हवं होतं, की भिंत नाहीये, गुलाबभाई, हीच तर गंमत आहे. ते सांगायचा धीर मला झाला नाही.

काल तुमची फाईल बंद करायला काढली. शेवटच्या अहवालात एक रकाना असतो, अटींचा भंग केला काय? मी लिहिलं, नाही. त्याच्या खाली शेऱ्याला चार ओळींची जागा असते. दीड वर्षात मी तिथं 'निरंक' सोडून काही लिहिलेलं नाही. काल लिहिलं, की पूल न ओलांडण्याची अट आदेशात नव्हती, ती अधिकाऱ्याने तोंडी घातली, आणि तिच्यामुळे उपचाराला वेळ गेला. खाली सही केली. साहेबांनी वाचून फाईल माझ्याकडं परत सरकवली, म्हणाले, मॅडम, हे कशाला, उगाच अंगाशी येईल, पान बदला. पान मी बदललेलं नाही. पुढं जे व्हायचं ते होईल.

पण फाईलमधलं ते पान शबानाला कधीच दिसणार नाही. म्हणून उद्या मी जाणार आहे. तुमच्या बंधपत्राची प्रत पिशवीत घातली आहे. कोंडिबाला फोन केला होता, पहिल्याच रिंगला उचलला त्यानं. म्हटलं, माझ्याबरोबर येतोस का, तुझ्याही डोक्यावरचं ओझं उतरेल. म्हणाला, "येतो. पन पूल आला की मला हात धरा." काष्टीला त्याला घेईन आणि आम्ही दोघं पुलावरून पलीकडं जाऊ, ज्या पुलावर तुम्ही दोन पावलं टाकली नाहीत त्यावरून.

तिथं मी काही समजावून सांगणार नाही. कागद तिच्या हातात देईन आणि गप्प बसेन. तुमची पोर बारावी झालेली आहे, गुलाबभाई. तिला वाचता येतं.